यादीचे कुलूप कोणाच्या हाती?



'सरकार' हा शब्द आपण एकवचनी वापरतो. वस्तुतः प्रत्येक नागरिकावर दोन सरकारांची सत्ता चालते. पोलीस व जमीन राज्याकडे, रेल्वे व संरक्षण केंद्राकडे. शिक्षण १९७६ पर्यंत राज्याचे होते, पुढे ते दोघांचे झाले. ही वाटणी केवळ वकिलांनी पाठ करावयाची बाब आहे काय? धर्मांतरानंतर आपल्या समाजाला तिचा जो चटका बसला, तो पाहा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे त्या वेळी हिंदू व शीख यांखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची गणली जात नव्हती. १९६० साली महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना शिक्षणात व आपल्या नोकऱ्यांत सवलती दिल्या. मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा घटनेने राज्यांनाही दिली आहे. तथापि राज्याचा हात राज्याच्याच कारभारापुरता पोचतो. समजा, एका घरी दोन भाऊ आहेत. राज्याच्या खात्यात अर्ज करणाऱ्यास सवलत मिळे. रेल्वेत अर्ज करणाऱ्यास, आई-बाप तेच असूनही, ती नाकारली जाई. एवढेच नव्हे, विधानसभा राज्याची. परंतु तिच्यातील राखीव जागा लढविण्याची पात्रता ठरे ती केंद्राच्या यादीवरून!

राज्याने ती यादीच का बदलली नाही, असे कोणी विचारील. कलम ३४१ प्रमाणे, एकदा प्रसिद्ध झालेली यादी कमीजास्त करण्याचा अधिकार एकट्या संसदेचा आहे. हे कुलूप बाबासाहेबांनीच लावले. राजकीय स्वार्थासाठी यादीत ढवळाढवळ होऊ नये, हा हेतू त्यांनी १७ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत स्पष्ट केला होता. त्याच कुलपापुढे त्यांच्या अनुयायांना ३४ वर्षे तिष्ठावे लागले. तरीही मी म्हणेन, कुलूप योग्यच होते. यादी राज्यांच्या हाती असती, तर प्रत्येक निवडणुकीत तिच्यावर हात पडला असता. दोष किल्ली हाती असणाऱ्यांचा. अखेर १९९० साली संसदेने कायदा करून बौद्धांचा समावेश केला.

आता दाखल्याविषयी. केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत. 'बौद्ध' ही जात म्हणून नोंद तेथे नाही. जी जात आपण मनातून टाकली, तिचे नाव केंद्राच्या नोकरीसाठी दाखल्यावर यावे लागते. पुष्कळांना हे टोचते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु अर्जाची मुदत संपण्यापूर्वी दाखला वाचून घ्या, आणि तो कोणत्या सरकारपुढे ठेवावयाचा आहे, हे आधी पाहा.