चंद्राचा फेरा आणि आपला दुष्काळ
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी शास्त्रज्ञ नव्हे, बी.ए., बी.एड. झालेला साधा शाळामास्तर आहे. परंतु एका पालकांनी मला बाजारात थांबवून विचारले, "सर, दुष्काळ ठरावीक वर्षांनी फिरून येतो आणि तो चंद्रामुळे येतो, असं वाचलं. पुढचा कधी ते सांगा, म्हणजे गाई ठेवायच्या की विकायच्या ते ठरवतो." तिसगाव पर्जन्यछायेतले गाव. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातील चारा छावण्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हा प्रश्न पोरकट वाटणार नाही. मलाही वाटला नाही.

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ही कललेली कक्षा हळूहळू फिरत १८.६ वर्षांत एक फेरा पुरा करते. त्यामुळे काही वर्षी चंद्र उत्तरेस व दक्षिणेस साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जातो, तर काही वर्षी साडेअठरा अंशांवरूनच परततो. भरती-ओहोटीचा जोर त्याप्रमाणे थोडा बदलतो. भरती म्हणजे केवळ किनाऱ्यावरचे पाणी नव्हे; ती खोल समुद्रही घुसळते, आणि तळाचे थंड पाणी वर आले की हवेवर परिणाम होणारच. स्वीडनचे ऑटो पेटर्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हा विचार मांडला. पुढे २००० साली चार्ल्स कीलिंग व टिमोथी व्हॉर्फ यांनी भरतीच्या १८०० वर्षांच्या चक्राची कल्पना मांडली. हवाई बेटांवर १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणारे ते हेच कीलिंग. तेव्हा माणूस हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. तथापि ही कल्पना आजही सर्वमान्य झालेली नाही.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १८९९ चा दुष्काळ धरून त्यात १८.६ मिळवले. उत्तर १९१८ च्या जवळ आले, आणि १९१८ चा दुष्काळ तर प्रसिद्धच आहे. आणखी तीन फेरे मोजले, तो १९७३! आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून असलेला १९७२ चा दुष्काळ. खरे सांगतो, अंगावर काटा आला.

पण मधले दोन फेरे मी उड्या मारून ओलांडले होते. ते १९३६ व १९५५ च्या आसपास पडतात, पुढचा १९९२ ला पडतो. देशाच्या मोठ्या दुष्काळांत ही साले नाहीत. उलट १८७७, १९६५, १९८७, २००२, २०१५ हे दुष्काळ हिशेबात बसत नाहीत. दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची सूट घेतली, तर २००९ बसतो. पण मग प्रत्येक फेऱ्यातली पाच वर्षे आपणच बळकावली! याहून सोपी गोष्ट म्हणजे १९८७ आणि २००६ या दोन्ही सुमारास चंद्र त्याच उत्तर-दक्षिण टोकाला पोचला होता. १९८७ ला देशात दुष्काळ पडला, २००६ ला पाऊस सरासरीइतका झाला. दुष्काळाचा अधिक जवळचा संबंध प्रशांत महासागर तापण्याशी, म्हणजे एल निनोशी दिसतो. तोही पक्का नव्हे. १९९७ ला एल निनो जोरात असून पाऊस चांगला झाला.

अमावस्या-पौर्णिमेच्या पावसाचीही चौकशी झालेली आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रहाची १५ वर्षांची मोजमापे तपासून २०१६ साली दाखवले की, चंद्र डोक्यावर असता हवेचा दाब किंचित वाढतो आणि पाऊस किंचित घटतो. किंचित म्हणजे पावसाच्या चढउतारातला जेमतेम एक टक्का. छत्री घ्यायची की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

आपल्या पूर्वजांनी हा व्यवहार ओळखला होता. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे. सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणूनच रमजान कधी थंडीत, कधी ऐन मे महिन्यात येतो. इबादतीला ते ठीक. पण पिकावरचा सारा अशा सालाने कसा वसूल करणार? म्हणून दख्खनेत १३४४ पासून सुहूर सन चालू झाला. आकडा हिजरीवरून घेतला, पण वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलायचे. पेशव्यांच्या दफ्तरातही साल सुहूर, आणि तारीख मात्र रबिलावल, जमादिलाखर अशा चांद्र महिन्यांची! एकाच ओळीत चंद्र आणि शेत दोन्ही नांदतात. शेतकऱ्याचे मृग, रोहिणी, हस्त हेदेखील सूर्याचेच. चंद्र तर सगळी नक्षत्रे महिन्याभरात फिरून येतो.

त्या पालकांना मी सांगितले की, चंद्र पाहून गाई विकू नका. एप्रिलमध्ये आणि मेअखेर हवामान खात्याचा अंदाज येतो तो ऐका, आणि विहिरीचे पाणी मोजा. ते म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही तर!" मी कबूल केले.

मुलांनी मात्र एक काम हाती घेतले आहे. पावसाच्या नोंदवहीत तारखेशेजारी चांद्रतारखेचा रकाना आखला आहे. चंद्राचे दोन फेरे पुरे व्हायला ३७ वर्षे लागतील. आज आठवीत असलेला मुलगा तेव्हा पन्नाशीत असेल. तोवर वही वाळवीपासून जपायला एक लोखंडी कपाट हवे. विश्वस्तांनी तेवढे मनावर घ्यावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.