काळजीला वाट द्यावी
शिक्षक बंधुभगिनींनो,

2018 च्या नोव्हेंबरात शाळांतून गोवर-रुबेलाची लस टोचण्यास आरंभ झाला, त्या सुमारास एका वर्गात मला निम्मी बाके रिकामी आढळली. पालक बेफिकीर नव्हते. मुलांच्या काळजीपोटीच त्यांनी ती घरी ठेविली होती. गोवराचे भय दूरचे, सुईचे भय समोरचे! अशा वेळी रोगाचे भेसूर वर्णन केल्यास भय दुणावते आणि माणूस तोंड चुकवितो. म्हणून प्रथम पालकांचे ऐकून घ्यावे. लशीनंतर आठवड्याभराने थोडा ताप वा पुरळ येऊ शकते व ते बहुधा आपोआप ओसरते, हे न लपविता सांगावे. रांगेत पहिले मूल आपले असावे. मग त्याच काळजीने पालक मुलांना शाळेत आणतील, असा मला विश्वास वाटतो.