मास्तरीण कोण?
(नागापूर येथील भाषण)



मी गोदीत ओझी वाहणारा, मॅट्रिक शिकलेला. पण आज बोलायचंय ते आपल्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडबद्दल. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळेंनी तिथं आरोग्य प्रकल्प काढला. दुष्काळात हातपंप मुद्दाम दलितवस्तीत बसवले. पाणी पाहिजे? मग या आमच्या दारी! शाळेची पायरी न चढलेल्या बाया, त्यात आपल्याही, गावाची बाळंतपणं सुखरूप करू लागल्या.

१९१३ साली बाबासाहेब शिकायला कोलंबियाला गेले. आता वाट उलटी फिरलीय. परदेशी पोरं जामखेडला येऊन या बायांपुढं बसतात, सामाजिक उद्योजकता शिकतात. शिकू द्या!

पण पोरांना सर्टिफिकेट, तर बाईला काय? तिला मास्तरीण म्हणा, मास्तरणीचा पगार द्या. फुकटची शिकवणी म्हणजे नवी वेठबिगारीच!