ड्रायव्हरचा शीण आणि आपला प्रवास



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते मोटार कामगारांच्या संघटनेत, कायद्याची पुस्तके चाळताना. तेव्हा भाषेतली खडबड सांभाळून घ्यावी. विषय मात्र आपणां सर्वांचा आहे.

अपघात झाला की वर्तमानपत्रात येते, ‘चालकाचा ताबा सुटला.’ सुटला हे खरेच, पण केव्हा? खंबाटकीच्या वळणावर, की रात्रीची फेरी संपवून आडवा झालेल्या माणसाला दोन तासांत उठवून पुन्हा गाडीवर धाडले तेव्हा?

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. म्हणजे तीन सेकंदांची डुलकी लागली, की ५० मीटर गाडी बिनड्रायव्हरची! आणि शीण निदान झोपेने उतरतो. मनावरचा ताण तसा उतरत नाही. माल उशिरा पोचला तर भाडे कापणार, घरी पैसे पाठवायचे राहिलेले, केबिनमध्ये इंजिनाची धग. असा माणूस वळणावर पुढची गाडी दिसत नसतानाही बाजू काढतो. लोक म्हणतात, माजला आहे. मला विचाराल तर तो घाबरलेला असतो. आणि दहा मिनिटे उशीर झाला की “अहो ड्रायव्हर, बैलगाडी हाकता काय?” असे मागून ओरडणारे आपणच असतो.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. सरकारी तक्त्यात त्यांतले सुमारे सत्तर टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात आहेत. वेग का वाढवला, याला सदर नाही.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले. लांब पल्ल्याला १० आणि ५४. पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तास विश्रांती. पण पाचांहून कमी कामगार असलेल्या धंद्याला तो आपोआप लागू नव्हता, आणि एका ट्रकच्या मालकाकडे हजेरीपुस्तक शोधणार कोण? २०२५ च्या नोव्हेंबरात नवी श्रमसंहिता लागू झाली, जुना कायदा तिच्यात गेला. कागद बदलला, रात्रीच्या ढाब्यावर जाऊन तास मोजणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मी नुसत्या मालकांवर खापर फोडीत नाही. चार पैशांसाठी आपणहून डबल ड्युटी मागणारे आमच्यातही आहेत. त्यांना अडवायला गेलो तर ते आमच्यावरच तापतात. पगार आठ तासांत पुरला असता तर कोण जागला असता?

मी बरेच पंचनामे वाचले आहेत. त्यांत ब्रेकची स्थिती असते, लायसनचा नंबर असतो. ड्रायव्हर शेवटचा कधी झोपला होता, हे एकातही सापडले नाही. तेवढा एक रकाना वाढवावा, आणि त्याखाली ड्युटी लावणाऱ्याचे नाव असावे, ही आमची मागणी आहे. उद्या तिचा अर्ज घेऊन आम्ही आपल्या दारी सह्यांसाठी येऊ.