राखीव खेळाडूची चौदा वर्षं



मघाशी बक्षिसं देताना सगळ्या कर्णधारांशी हस्तांदोलन झालं. आता मला बोलायचंय ते संघाच्या यादीत शेवटी ज्यांची नावं असतात, त्या राखीव खेळाडूंशी.

अमेरिकेत जेफ ब्लम नावाचा एक बेसबॉलपटू होता. १९९४ मध्ये मॉन्ट्रिऑल एक्स्पोज या क्लबने त्याला निवडलं, पण मुख्य संघातून खेळायला १९९९ साल उजाडलं. तोवर खालच्या लीगमध्येच घाम गाळला. पुढे २०१२पर्यंत तो चौदा मोसम सहा क्लबांकडून खेळला. स्टार म्हणून त्याला कोणी ओळखलं नाही. मग एवढी वर्षं तो टिकला कसा?

पहिला, दुसरा, तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप, क्षेत्ररक्षणाच्या या चारही जागा तो सांभाळायचा. तिसऱ्या बेसवर चेंडू तोफगोळ्यासारखा अंगावर येतो. दुसऱ्यावर तो पकडता पकडता वळून फेकावा लागतो. शिवाय ब्लम डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी बॅटिंग करायचा. बेसबॉलमध्ये एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे सामना लांबला की कुठेही उभा राहणारा माणूसच प्रशिक्षकाला तारतो.

२००५च्या जुलैअखेर शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला घेतलं. तिथे त्याची सरासरी होती .२००, म्हणजे पाचात एकदाच यश. तरी तो वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, संघात होता. तिसरा सामना ह्यूस्टनला, त्याच्याच जुन्या संघाविरुद्ध. ठरलेल्या नऊ डावांनंतरही ५-५ अशी बरोबरी. तेराव्या डावात ब्लम दुसऱ्या बेसवर उतरला. मध्यरात्र उलटल्यावर, चौदाव्या डावात दोन गडी बाद असताना त्याने होमरन ठोकला. शिकागोने सामना ७-५ असा जिंकला, नंतर मालिका ४-० अशी. १९१७नंतरचं ते त्यांचं पहिलं विजेतेपद. त्या अख्ख्या मालिकेत ब्लमला बॅटिंग मिळाली ती एकदाच!

‘एक दिवस तुमचाही येईल’ असं आश्वासन मात्र मी देणार नाही. कित्येक राखीव खेळाडूंचा तो दिवस येतच नाही. पण तो होमरन बसला नसता, तरी ब्लमची चौदा वर्षं वाया गेली नसती. चार जागांचं काम त्याला येत होतं आणि त्याच्या भरवशावर संघ उभे राहत होते. त्याची खरी कमाई ती.

म्हणून मुलांनो, बाकावर बसायची वेळ आली तर शेजारच्याची जागाही शिकून घ्या. आणि शिक्षकांना एक विनंती, पुढच्या वर्षी विजेत्या संघाला बोलवाल तेव्हा राखीव खेळाडूंची नावंही माइकवरून पुकारा.