सुकाणू आणि नांगर

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शिडाच्या होडीवरच्या प्रवासाबद्दल बोलणार आहे हे कळल्यावर सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला गाठलं. रेशन, पाणी, कोर्टकचेऱ्या सोडून हे काय मध्येच, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न रास्त आहे. यॉट हे श्रीमंतांचं खूळ आहे, त्यात वाद नाही. आम्ही सहाजणींनी भाडं वाटून घेतलं, होडीवरच रांधून खाल्लं, तरी खर्च व्हायचा तो झालाच. पण चाळीस फुटांच्या होडीत सहा बायका दोन आठवडे राहिल्या की कामाची वाटणी कशी होते, कोण हुकूम सोडतं, कोण ऐकतं, हे जेवढं उघड्यावर दिसतं तेवढं घरात किंवा कचेरीत दिसत नाही. त्यासाठी मी हा विषय घेतला.

किनारा तुर्कस्तानचा, नैर्ऋत्य कोपऱ्यातला. बोद्रुमहून निघायचं, गोकोवाच्या आखातात हिंडायचं, दात्चा द्वीपकल्पाच्या टोकाला क्नीदोसचे अवशेष आहेत तिथे वळसा घालायचा आणि मार्मारिसवरून गोचेकला उतरायचं, असा बेत. उन्हाळ्यात तिथे वायव्येकडून मेल्तेम नावाचा वारा वाहतो. सकाळी गप्प असतो, दुपारी अंगात येतो. सप्टेंबरात त्याचा जोर उतरत जातो, म्हणून तो महिना निवडला. खलाशी नसलेली होडी भाड्यानं घ्यायची तर कुणाकडे तरी परवाना लागतो. आमच्यातली एक बरीच वर्षं इंग्लंडात आहे, तिथे ती रीतसर शिकलेली. परवाना तिच्या नावावर, कागदावर कप्तान म्हणून तिचंच नाव. तरी होडी ताब्यात देणारा गृहस्थ तीनदा आमच्या मागे पाहून विचारत होता, कप्तान अजून आला नाही का? असो. हे आपल्याला नवीन नाही.

मला नवीन होतं ते पुढचं. त्या किनाऱ्यावर रात्री मुक्कामाला थांबायची एक पद्धत आहे. खाड्या खोल, तळ किनाऱ्यापाशी एकदम वर येतो. त्यामुळे पुढून नांगर टाकायचा, होडी मागे मागे नेत किनाऱ्याजवळ आणायची आणि मागच्या बाजूचे दोर पाइनच्या झाडाला नाहीतर खडकाला बांधायचे. दोर घेऊन कुणीतरी पोहत जायचं असतं. दहा मीटर पाण्यात चाळीस-पन्नास मीटर साखळी सोडावी लागते. त्या साखळीचं वजन मीटरला दोन किलोच्या वर. ती ओढायला विजेची चरखी असते, पण साखळी अडकली की हातच घालावा लागतो.

आता संध्याकाळी कुठल्याही खाडीत बसून येणाऱ्या होड्या बघा. बहुतेक नवरा-बायकोच्या. नवरा चाकाशी उभा. चाक दोन बोटांनी फिरतं, जोर इंजिनाचा असतो. बायको पुढे नांगराशी वाकलेली, मग मागे धावते, मग दोर खांद्यावर घेऊन पाण्यात उडी मारते. आणि नवरा जागेवरून ओरडत असतो. पंधरा दिवसांत मी हे इतक्यांदा पाहिलं की शेवटी मोजणं सोडलं. ताकदीचं काम बाईकडे, बिनताकदीचं पुरुषाकडे, आणि तरी कुणालाही विचारा, बाईला होडी का झेपत नाही? तर म्हणे ताकद लागते!

आपल्या शेतात काय होतं आठवा. खुरपणी, लावणी, डोक्यावरचे भारे बाईचे. पण नांगराला तिनं हात लावायचा नाही, लावला तर पाऊस पडत नाही म्हणतात. मराठीत दोन्ही नांगरच. शेतातला नांगर धरणं म्हणजे मालकी दाखवणं, म्हणून तो तिला वर्ज्य. होडीवरचा नांगर म्हणजे चिखल आणि साखळी, म्हणून तो तिच्याच गळ्यात. काम जड की हलकं, यावर काहीच ठरत नाही. त्या कामाबरोबर निर्णय येतो की नाही, यावर ठरतं.

शिडाचं म्हणाल तर, वारा भरल्यावर दोर हातानं ओढून येत नाही हे खरं. पुरुषाच्याही हातानं येत नाही. त्यासाठी विंच नावाची चरखी असते. दोराचे तीनचार वेढे घालायचे, दांडा फिरवायचा, म्हणजे घर्षण सोडलं तर हाताचा जोर तीस-चाळीस पट होतो. वारा वाढण्याआधीच शीड आवरून लहान करणं हे खरं कसब. त्याला नजर लागते, दंड नाही.

पण आमच्या होडीवर पुरुषच नव्हते, म्हणून सगळं आपोआप समतेनं झालं का? मुळीच नाही. तिसऱ्या दिवशी गोकोवात भांडण झालं. ज्या मैत्रिणीकडे परवाना होता ती तीन दिवस चाकाशी, दोघी तिच्या हाताखाली दोरांवर, आणि उरलेल्या तिघी खाली हलत्या स्वयंपाकघरात. ओट्यावर दोन शेगड्या, टाकीतलं गोडं पाणी जपायचं म्हणून भांडी समुद्राच्या पाण्यात धुवायची. मागे बसायला जागा नाही की नकाशा बघायला वेळ नाही. तिघींपैकी एक म्हणाली, मी घरून जे सोडून आले तेच इथे करते आहे, फक्त इथे ओटा हलतो. परवानावाली दुखावली. तिचंही चूक नव्हतं: होडी आपटली तर जबाबदार ती. ज्याला येतं त्यानं करावं, वेळ वाचतो, असं ती म्हणाली.

हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? आपल्या संघटनांत ते रोज बोललं जातं. अहवाल जिला इंग्रजी येतं ती लिहिते, पत्रकारांशी जिला सवय आहे ती बोलते, बँकेत जिची सही आहे ती जाते. सतरंज्या घालणाऱ्या दहा वर्षं सतरंज्याच घालतात. कुणी कुणाला मुद्दाम दाबत नाही. वेळ वाचतो, एवढंच.

त्या रात्री बऱ्याच वादानंतर ठरलं ते असं. रोजची दिवसकप्तान वेगळी. वाट, वेळ, मुक्काम ती ठरवणार. वारा ठरावीक जोराच्या वर गेला तर शेवटचा शब्द परवानावालीचा. आणि शिकवताना चाकाला हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. हा शेवटचा नियम तिला फार जड गेला. खाडीत शिरताना ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची. ओरडण्याऐवजी हाताच्या खुणा ठरवल्या, कारण इंजिनाच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही, फक्त अपमान पोचतो. मुक्कामाला लागायला आम्हाला इतरांच्या दुप्पट वेळ लागे. लागू दे!

या किनाऱ्याला असल्या भटकंतीची जुनी परंपरा आहे. लेखक जेवात शाकिर याला 1925 साली एका लेखापायी बोद्रुमला हद्दपार केलं. तो तिथेच रमला, हालिकार्नासचा कोळी या नावानं लिहू लागला आणि पुढे लेखक-चित्रकार मित्रांना स्पंज काढणाऱ्यांच्या साध्या होड्यांतून किनाऱ्यानं फिरवू लागला. त्यांत आझ्रा एरहात होती. ग्रीक-लॅटिनची विदुषी, इलियडची तुर्की भाषांतरकार. 1948मध्ये डाव्या म्हणून ज्या प्राध्यापकांना अंकारा विद्यापीठातून काढलं त्यांत ती होती; 1971च्या लष्करी हस्तक्षेपानंतर तिला अटकही झाली. 1962 साली तिनं ‘मावी योल्जुलुक’, म्हणजे निळा प्रवास, हे पुस्तक लिहिलं. आज त्याच नावाखाली आरामशीर सहली विकल्या जातात. त्या होड्यांवर कप्तान पुरुष, खलाशी पुरुष आणि बहुधा स्वयंपाकीही पुरुष. पगार सुरू झाला की चूल पुरुषांनाही जमते.

बोद्रुम म्हणजेच जुनं हालिकार्नास. हेरोडोटस तिथलाच. त्यानं तिथल्या राणी आर्तेमिसियाबद्दल लिहिलंय: इ.स.पूर्व 480 मध्ये सालामिसच्या लढाईत ती पर्शियाच्या बाजूनं पाच जहाजं घेऊन होती. समुद्रावर लढू नका, असा सल्ला देणारी ती एकटीच. तो कुणी मानला नाही आणि पर्शियन आरमार बुडालं. एक बाई आपल्यावर चालून येते याचाच संताप येऊन अथेन्सवाल्यांनी तिला पकडणाऱ्याला दहा हजार द्राख्मा लावले होते. लिकियाच्या लोकांविषयी तो म्हणतो, की ते बापाचं नाही, आईचं नाव लावतात. वाचून मी हुरळले होते. पण लिकियाच्या शिलालेखांत बहुतेक बापांचीच नावं सापडतात, तेव्हा आनंद जपून.

आपल्याकडे भारतीय नौदलाच्या सहा अधिकारी स्त्रियांनी 2017-18 मध्ये तारिणी या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्याहून निघाल्या, गोव्याला परतल्या. त्याच नौकेतून 2024-25 मध्ये फक्त दोघी जाऊन आल्या. दोघींच्या होडीत कामाची वाटणी करायला माणसंच नसतात. जी स्वयंपाक करते तिलाच रात्री शीड आवरायचं असतं. आम्ही सहाजणी होतो म्हणून आम्हाला नियम करावे लागले.

गोचेकला शेवटच्या दिवशी होडी धक्क्याला मागे लावायची होती, दोन महागड्या होड्यांच्या मधल्या फटीत. त्या दिवशीची कप्तान होती ओट्यावरून भांडणारी मैत्रीण. शेजारच्या होडीवरचा माणूस ताबडतोब उठून सूचना देऊ लागला. तिनं त्याला हात करून थांबवलं आणि सावकाश, दोनदा पुढे-मागे करत होडी आत आणली. आमचा दोर त्या माणसाच्या बायकोनं धरला. हे शिकायला किती वर्षं लागली, असं तिनं विचारलं. अकरा दिवस, ही म्हणाली. रात्री उशिरापर्यंत शेजारून त्या दोघांचा वाद ऐकू येत होता. भाषा कळत नव्हती, पण ती वारंवार चाकाकडे बोट दाखवत होती.