पटांगण आणायचे राहिले

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



दरवर्षी उत्सवात आपण लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, रस्सीखेच घेतो. बक्षिसे वाटली, की मैदान पुढच्या भाद्रपदापर्यंत ओस पडते. म्हणून आज आम्ही एका क्रीडामंडळाची हकीकत सांगणार आहोत.

अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी एक आखाडा सुरू केला. तेच आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम असे आपलेच खेळ तेथे शिकवले जात. हुतात्मा राजगुरूंनीही काही काळ तेथे व्यायामाचे धडे घेतले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि कबड्डीसारखे आपले देशी खेळ त्याने जगाला करून दाखवले. देश तेव्हा पारतंत्र्यात होता.

पुढे १९४९ मध्ये मंडळ स्वीडनला, स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवाला गेले. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली त्या शहरात व्यायामशिक्षणाची संस्था काढली होती. त्यांच्याच स्मरणार्थ हा महोत्सव. व्यायामाला शास्त्र मानणाऱ्या त्या देशासमोर वऱ्हाडातली मुले उभी राहिली.

ही कीर्ती एका दिवसात आली नाही. बर्लिनच्या आधी बावीस वर्षे कोणीतरी रोज आखाड्याचे दार उघडत होते, माती खणत होते, नव्या पोराला लंगोट कसायला शिकवत होते.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने उत्तर कन्नडातल्या सिद्दी मुलामुलींना हेरून धावण्या-उडीचे शिक्षण दिले. त्यांतल्या काहींनी राष्ट्रीय पातळीवर पदके मिळवली. पण योजना काही वर्षांतच बंद पडली आणि बरीच मुले पुन्हा शेता-रानातल्या कामाला लागली. अंगात वारे भरलेली मुले या रानात तेव्हाही होती, आजही आहेत. योजना वरून येते आणि जाते; सांभाळणारे मंडळ मात्र गावातच लागते.

सुपा धरणाच्या पाण्याखाली आपली घरे, देवळे, शेते गेली. रामनगरला येताना आपण गणपती सोबत आणला. पटांगण आणायचे राहिले.

ते आता आणू या. कबड्डीला १३ मीटर लांब, १० मीटर रुंद जागा पुरते. खो-खोला दोन खांब आणि चुना. याच खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. तेव्हा ‘आपल्या खेळात पुढे काय आहे?’ हा प्रश्न आता नको.

आमची विनंती एवढीच. विजयादशमीपासून रोज संध्याकाळी एक तास मैदान उघडे राहावे. मुलगे-मुली दोघेही यावेत. कन्नड, कोकणी, सिद्दी, कुणबी, कोणत्याही घरचे. आठवड्याच्या सात दिवसांना सात घरांनी पाळी घ्यावी. वर्गणीची वही आज फिरलीच आहे. तिच्या शेवटच्या पानावर सात नावे हवी आहेत. पहिले नाव आम्ही लिहिले आहे.

गणपती बाप्पा मोरया!